आठशे युरोंची चप्पल आणि सोळा माणसांचे वर्ष

मिलानमध्ये दर जूनला पुरुषांच्या कपड्यांचे फॅशन शो भरतात, तेव्हा माझ्यासारख्या साध्या नोकरदाराला त्याचा पत्ता लागतो तो केवळ ट्रॅममधल्या गर्दीवरून आणि अचानक महागलेल्या हॉटेलांवरून. २०२५ च्या जूनमध्ये मात्र ती बातमी मला मिलानमधून नव्हे, तर गडहिंग्लजहून कळली. 'तुमच्या गावात आपली चप्पल चोरली' असा संदेश चुलतभावाने पाठवला होता. गेली नऊ वर्षे या शहरात भाड्याच्या घरात राहूनही ते 'माझे गाव' झाल्याचे मला कधी जाणवले नव्हते. चोरीचा आळ आला, तेव्हा ते झाले.

प्रकरण आता बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. प्रादा या इटालियन कंपनीने २०२६ च्या उन्हाळ्यासाठीच्या आपल्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत ज्या चपला घातल्या, त्या कोणाही मराठी माणसाने डोळे मिटून ओळखाव्यात अशा कोल्हापुरी होत्या. कंपनीने त्यांचा उल्लेख मात्र नुसता चामडी सपाट सँडल असा केला होता. गदारोळ उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिले आणि कंपनीच्या डिझायनर मिउच्चा प्रादा यांचे चिरंजीव लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात जाऊन आली. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका त्याच महिन्यात फेटाळली गेली, कारण तक्रार करायचीच तर भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्या वस्तूच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाच्या, नोंदणीकृत मालकांनी ती करावी, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. हे मालक म्हणजे महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवन राम चर्मोद्योग महामंडळ. २०१९ मध्ये मिळालेले हे मानांकन दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांचे आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक संतप्त लेखांमध्ये सोयीस्करपणे गाळली गेली. कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिराला 'कोल्हापुरी अस्मिते'त जागा मिळाली नाही, चप्पल मात्र त्याच्याही हातची होती.

डिसेंबर २०२५ मध्ये या दोन महामंडळांशी प्रादाचा करार झाला. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात चपलांचे २,००० जोड बनवून घ्यायचे, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत व ऑनलाइन ते विकायचे, किंमत सुमारे ८०० युरो, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण, असा तो बेत. आपल्याकडे या बातमीचे स्वागत विजयासारखे झाले. 'शेवटी झुकावे लागले', 'कोल्हापूरची शान सातासमुद्रापार' अशा मथळ्यांची कात्रणे मला चार वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आली. चपला सातासमुद्रापार फार पूर्वीच गेल्या होत्या. माझ्याच पायांतून एक जोड आला होता. पण तो मुद्दा सोडून देतो.

मला या आनंदात सामील व्हायचे होते. सवयीप्रमाणे आधी हिशोब मांडला आणि तिथेच अडकलो. एका जोडीला एका माणसाचे दोन पूर्ण दिवस लागतात असे धरून चालू. म्हणजे २,००० जोडांना ४,००० दिवस. वर्षात कामाचे २५० दिवस धरले, तर हे सोळा माणसांचे एका वर्षाचे काम झाले. कोणी म्हणेल दोन नव्हे, चार दिवस धरा. मग बत्तीस माणसे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर एवढ्या मुलखात या धंद्यावर जगणाऱ्या हजारो घरांपैकी सोळा किंवा बत्तीस. विक्रीच्या बाजूने पाहिले, तर २,००० जोड गुणिले ८०० म्हणजे १६ लाख युरो, रुपयांत सोळा कोटींच्या वर. या दोन आकड्यांच्या मध्ये जे काही आहे, तेच खरे प्रकरण आहे; आणि त्याविषयी आपल्या चर्चेत चकार शब्द नव्हता. आपण भांडलो ते श्रेयासाठी. श्रेय मिळाले. श्रेयावर पीठ मिळत नाही.

मायदेशी या वादाला 'ते विरुद्ध आपण' असे रूप आले, गोरा साहेब लुटतो आणि गरीब भारतीय लुटला जातो, असे. इथे राहणाऱ्याला ते चित्र अपुरे वाटते, कारण लुटीचा हाच नमुना मिलानच्या शिवेवरही सापडतो. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओरची बॅगा बनवणारी इटालियन कंपनी आणि अर्मानी समूहातली एक कंपनी, अशा दोन्हींवर न्यायालयीन प्रशासक नेमले. शहराच्या आसपासच्या उपकंत्राटी कारखान्यांत, बहुतांशी चिनी स्थलांतरितांकडून, बेकायदा वेळापत्रकात आणि यंत्रांची सुरक्षा काढून टाकून काम करून घेतले जात होते. मजूर कारखान्यातच झोपत होते. न्यायालयाच्या कागदपत्रांतून एक आकडा बाहेर आला, तो इथल्या वर्तमानपत्रांत कित्येक दिवस फिरत होता: दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेसाठी, कच्चा माल सोडून, पुरवठादाराला ५३ युरो दिले जात. कंपन्यांनी कारभार सुधारल्यावर ते प्रशासन पुढच्याच वर्षी उठवण्यात आले. त्या बॅगेवर 'मेड इन इटली' असे लिहिलेले होते आणि ते खोटे नव्हते. शिक्क्यावर देश असतो, माणूस नसतो. उद्या चपलेवर 'मेड इन इंडिया' असे सोनेरी अक्षरांत उमटले, तरी त्यातून कारागिराच्या हाती काय पडले, हे त्या अक्षरांना सांगता येणार नाही. याच प्रादाने २०१० मध्ये लखनौची चिकनकारी वापरून 'मेड इन इंडिया' अशी लेबले लावलेले कपडे विकले होते. तेव्हा श्रेय न मागता मिळाले होते. त्या वेळी ना आनंदोत्सव झाला, ना कोणी हिशोब विचारला.

आपल्या घरचे डिझायनर तरी वेगळे आहेत का? २०२१ मध्ये सब्यसाची मुखर्जी यांनी एच अँड एम या स्वीडिश कंपनीबरोबर कपड्यांची मालिका काढली. हाताच्या छपाईची आठवण करून देणारी नक्षी त्यात यंत्रावर छापली होती, आणि माल काही तासांत संपला. तेव्हा देशातल्या हस्तकला संस्थांनी व कारागिरांनी त्यांना जाहीर पत्र लिहून विचारले होते की, या नक्षीच्या मूळ ठशांवर पिढ्यान्पिढ्या काम करणाऱ्यांना यातून काय मिळणार. मला आठवते, त्या वेळी आमच्या कौटुंबिक गटावर या विषयावर एकही संदेश आला नव्हता. उलट साडी मिळाली नाही म्हणून एका वहिनींनी हळहळ व्यक्त केली होती. डिझायनर आपला असला की ती प्रेरणा आणि परका असला की ती चोरी, हा न्याय काही मला पटत नाही.

आता जे सांगायचे आहे, ते सांगताना जीभ थोडी अडखळते. आमच्या घरी कापशीहून चपला यायच्या. वर्षातून एकदा एक मामा मापे घ्यायला येत. कागदावर वडिलांचे पाऊल ठेवून पेन्सिलीने कड ओढत आणि अंगठ्याच्या जागी एक आडवी रेघ मारत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणायचो, घरातली मोठी माणसे मात्र एकेरी नावाने हाक मारत. ते बसत सोप्याच्या खाली, पायरीवर. त्यांचा चहा ज्या कपातून जाई, तो कप गोठ्याजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. चप्पल आली की आठ दिवस एरंडेल पाजून ती मऊ करायची, नाहीतर ती चावे. त्या करकरीचे कौतुक गावभर होई. करणाऱ्याच्या कौतुकाचा एक शब्द त्या घरात मी ऐकला नाही. कोल्हापुरी चप्पल 'आपली' आहे असे जून २०२५ मध्ये जे तावातावाने म्हणाले, त्यांत माझ्या घरची तीच मंडळी होती. आणि मीही होतो. ज्या ढोर समाजाने बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडी कमावली आणि ज्या चर्मकार समाजाने ती कापली-शिवली, त्यांना आपण या 'आपल्या'त कधी आणि कोणत्या दाराने घेतले, याचे उत्तर कोणा प्रादाकडे नाही.

धंद्याचे खरे हाल तर त्याआधीच सुरू झाले होते. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि स्थानिक चामड्याचा एक मोठा झरा आटला. बाहेरून आणलेल्या चामड्याचा भाव कारागिराच्या माथी बसला. त्यात रेक्झिनच्या तीनशे रुपयांच्या 'कोल्हापुरी' बाजारात आल्या. प्रादाने नक्कल केली तेव्हा आपण खवळलो, पण रस्त्याकडेला विकली जाणारी रेक्झिनची नक्कल आपणच घासाघीस करून, वीस रुपये कमी करून घेतो.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या जोडीचे काय झाले, ते सांगतो. पावसात इथल्या दगडी फरसबंदीवरून चालत घरी आलो. कोल्हापुरी पावसाची नव्हेच, हे ठाऊक असूनही. तळ फुगला आणि टाचेजवळची वादी सुटली. आमच्या गल्लीत एक सत्तरीचे चांभार आहेत, त्यांच्याकडे ती नेली. त्यांनी चप्पल दिव्याखाली उलटी धरली, कडेवरून अंगठ्याचे नख फिरवत खिळा शोधला, मग दुसऱ्या बाजूने शोधला. खिळा नव्हता. दोरा कुठला वापरलाय, असे त्यांनी विचारले; दोरा नाही, चामड्याचीच पट्टी काढून तिने शिवलेय, असे मी सांगितले. त्यांनी ती कात्रीने नव्हे, बोटांनी किंचित उचलून पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. चार दिवसांनी चप्पल परत मिळाली. वासराच्या चामड्याची वादी काढताना दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमली, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. पैसे झाले २८ युरो. ११०० रुपयांना घेतलेल्या जोडीची दुरुस्ती जवळपास तीन हजारांना. माझा चेहरा पाहून ते शांतपणे म्हणाले, दीड तास लागला, आणि माझ्या तासाचा दर मी ठरवतो.

कोल्हापूरच्या सुभाषनगरात किंवा जवाहरनगरात बसून चपला करणारा माणूस हे वाक्य आज कोणापुढे बोलू शकतो? चप्पल लाईनीतल्या दुकानदारापुढे नाही, महामंडळापुढे नाही, प्रादापुढे तर नाहीच. दर वरून खाली येतो. करारानंतरही तो वरूनच येणार असेल, तर मधल्या एका व्यापाऱ्याच्या जागी दुसरा, जास्त देखणा व्यापारी आला, एवढाच फरक. म्हणून माझी मागणी माफीची नाही आणि श्रेयाचीही नाही. प्रत्येक जोडीमागे कारागिराच्या हाती पडणारी रक्कम दोन्ही महामंडळांनी जाहीर करावी आणि तो दर ठरवताना कारागिरांचे प्रतिनिधी टेबलाच्या पलीकडे नव्हे, अलीकडे बसलेले असावेत, एवढीच आहे. यात आदर्शवादी असे काही नाही. आमच्या गल्लीतले चांभार ते रोज करतात.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे आणि तिच्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. भारतातले भौगोलिक मानांकन भारताच्या हद्दीत चालते. मिलानमध्ये त्याला कागदापलीकडे किंमत नाही. युरोपात वाइनला आणि चीजला असे संरक्षण फार पूर्वीपासून होते, हस्तकलेच्या वस्तूंना मात्र संपूर्ण युरोपीय संघात लागू होणारे संरक्षण नव्हते. १ डिसेंबर २०२५ पासून ते आले आहे. मुरानोची काच, लिमोजची चिनी माती, झोलिंगेनच्या सुऱ्या अशा वस्तूंसाठी केलेला हा नियम संघाबाहेरच्या उत्पादकांनाही खुला आहे. अर्ज स्पेनमधल्या अलिकांते येथील युरोपीय बौद्धिक संपदा कार्यालयात करायचा असतो. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब अशी की, अर्ज करण्याचा हक्क मुळात उत्पादकांच्या गटाचा आहे, म्हणजे वस्तू बनवणाऱ्यांचा. मुंबईत न्यायालयाने मालक कोण असे विचारले, तेव्हा कारागीर दाराबाहेर राहिले. इथे दाराशी त्यांचेच नाव आधी विचारले जाईल. नोंदणी झाली, तर पुढच्या वेळी मिलानमधल्या कोणत्याही कंपनीने ही चप्पल हे नाव लावून परस्पर विकली, तेव्हा गटावर संदेश पाठवावे लागणार नाहीत, नोटीस पाठवता येईल. नाव न लावता नुसता घाट उचलला, तर मात्र हा कायदाही हात टेकतो. तेवढी मर्यादा ओळखूनच त्याच्याकडे जावे.

अर्जासोबत वस्तूचे सविस्तर वर्णन द्यावे लागते: चामडे कोणते, कमावण्याची रीत कोणती, कोणती पायरी कुठे होते. आठही जिल्ह्यांतल्या कारागिरांचा एखादा गट हे करायला बसला आणि त्यांना इटालियन मसुदा लागला, तर माझे रविवार मोकळे असतात, पैसे नकोत. कापशी, पुकरी, बक्कलनाली ही चपलांच्या प्रकारांची नावे तशीच ठेवू. प्रश्न येईल तो चप्पल करकरावी म्हणून तळात बसवतात त्या विंचवाचा. त्याचे शब्दशः भाषांतर केले, तर अलिकांतेचा अधिकारी घाबरून चप्पल झटकून पाहील. तेव्हा तिथे काय लिहायचे, हे सुभाषनगरातल्या कोणाला तरी फोन करूनच ठरवावे लागेल.