तीन लाल फुल्या

सकाळपासून डोकं फिरलंय. जेवूनही जाग्यावर आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमच्या मशीन शॉपमधल्या एका अप्रेंटिस पोरानं पन्हाळा-पावनखिंड मोहिमेसाठी शनिवारची रजा मागितली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "डोंगरात फिरायचं असेल तर तिकडंच अप्रेंटिस लाग की." सगळे हसले. मीही हसलो. खरा राग माझ्या त्या हसण्याचाच आलाय.

ऑगस्ट २०१९, कोल्हापूरचा महापूर. तेव्हा मी गोकुळ शिरगावात दुसऱ्या एका कारखान्यात होतो. चिखलीच्या एका पोराचा फोन आला, "सर, गावात पाणी शिरलंय, बोटीवर माणसं कमी पडाय लागल्यात." मी म्हटलं, बघू. तो तीन दिवस आला नाही. हजेरीपटावर मी लाल पेनानं तीन फुल्या मारल्या. तेवढा स्टायपेंड कापला गेला. नियमच होता, असं मी तेव्हा घरी बायकोलाही सांगितलं.

इंग्लंडात ड्यूक ऑफ एडिनबर्ग अवॉर्ड म्हणून एक प्रकार आहे. प्रिन्स फिलिप यांनी १९५६ साली सुरू केलेला, आता १४ ते २४ वर्षांच्या पोरापोरींसाठी. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. समाजसेवा करायची, एक खेळ धरायचा, एक कला शिकायची आणि नकाशा घेऊन आपल्या पायांनी मोहीम करायची. गोल्डला चार दिवस, तीन रात्री. शिवाय अनोळखी लोकांत पाच दिवस राहायचं. तिथल्या कितीतरी कंपन्या आपल्या अप्रेंटिसना यात घालतात, त्यासाठी वेळ देतात. का? तर नुसता मशीनवर उभा केलेला पोरगा चुकलं तरी गप्प बसतो. धुक्यात वाट चुकलेल्या टोळक्यात मात्र कुणीतरी तोंड उघडतंच, "थांबा, आपण चुकलोय." मला शॉपमध्ये एवढंच वाक्य हवंय हो! ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेलं हत्याराचं माप, चुकलाय हे पोराला दिसत असतं, पण बोलायची भीती. मग संध्याकाळी रिजेक्शनचा ढीग, आणि शिव्या पुन्हा त्यालाच.

चौथ्या दिवशी चिखलीचा तो पोरगा आला. दोरानं तळहात सोललेले. खिशात भिजलेली वही. मी ती मागून घेतली, खोटं बोलतोय का बघायला. आत रेघा मारून रकाने: घर कुणाचं, माणसं किती, म्हातारं कोण, गोळ्या कुणाला लागतात, जनावरं कुठं सोडली. सहा महिने आम्ही त्याला इन्स्पेक्शन रिपोर्ट भरायला शिकवत होतो आणि एक रकाना धड भरत नव्हता बाबा! तीच वही वाचून मी ती परत दिली. फुल्या खोडल्या नाहीत.

आणि आपल्याला हे विलायतेहून आणायची गरज तरी काय? तो अवॉर्ड भारतातही १९६२ पासून आहे, पण माझ्या पाहण्यात तो महागड्या निवासी शाळांतच. आयटीआयच्या पोराला कोण विचारतो? खेळ म्हणाल तर आपल्या पेठापेठांत फुटबॉल आहे, तालमी आहेत. मोहीम म्हणाल तर मसाई पठारावरचा जुलैचा पाऊस आहे. समाजसेवेला पंचगंगा अधूनमधून बोलावतेच. फक्त हेही शिकणंच आहे, असं मालकाला वाटत नाही. १९६१ च्या कायद्यात तो शिकाऊ उमेदवार. आपल्याकडं शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हेल्पर, बास.

मान्य, डिस्पॅच कुणासाठी थांबत नाही. बिल्ला लावून, सर्टिफिकेट टांगून लोखंड कापलं जात नाही. त्या विलायती कंपन्याही फोटो काढायला विसरत नसतील.

पण पोरगं शनिवार मागत होतं. एक शनिवार.

लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. साहेबही वाईट माणूस नाही, वरून त्याच्याही मानेवर कुणीतरी बसलाय. मघाशी जाऊन पोराच्या रजेच्या अर्जावर मी सही केली, त्याच्या मशीनवर शनिवारी मी उभा राहतो म्हटलं. साहेब काही बोलले नाहीत. पोरगं मात्र "पावसात बूट कुठले घालू सर?" विचारत बसलं.

चिखलीचा तो आता चाकणला असतो. आत्ता फोन लावला होता, उचलला नाही. सेकंड शिफ्ट असेल.