तुमची गाडी लेट, आमची बस टायमावर

साडेआठची पॅसेंजर काल नऊ वाजून दहाला लागली. शेवटची बस सव्वानऊची. जिना उतरून धापा टाकत स्टँडवर पोचलो तर फाटकातून बाहेर पडणाऱ्या बसचे मागचे लाल दिवे तेवढे दिसले. हात केला, शिट्टी मारली, बोंबललो. कशाला थांबते!

चौकशीच्या खिडकीत गेलो. आतल्याने मान वर न करता सांगितलं, "गई ना भो आत्तेच. आमची बस टायमावर होती, तुमची गाडी लेट." तुमची! जसं काही इंजिन मीच हाकत आणलं. पुढची कधी? "सकाळी पावणेसहा." एवढं बोलून त्याने टेबलफॅन स्वतःकडे फिरवून घेतला. मे महिना, खान्देशातली रात्र, आणि दोघांत मिळून येणारी ती एक झुळूकही गेली. बस गेल्याचं सोडा, त्या पंख्याने माझी झोप उडवली.

पॅसेंजर रोज लेट असते, हे स्टेशनाबाहेरच्या कुत्र्यांनाही माहीत आहे. बस अर्धा तास पुढे ढकलायला काय पूल बांधायचाय? स्वित्झर्लंडवाल्यांनी १९८२ सालीच देशभराच्या गाड्यांचा ताल जुळवला. आपल्याकडे २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आहे, २०१९ मध्ये बस-मेट्रोत चालणारं 'एक देश, एक कार्ड'ही आलं. इथे कार्ड दाखवा, कंडक्टर म्हणतो सुट्टे द्या.

मग काळीपिवळी. "एकच सीट बाकी" म्हणत त्याने चाळीस मिनिटं बसवलं आणि चौघं अजून कोंबले. शेजारचा मोठ्या आवाजात रील बघत होता. अशांना टपावर बसवायला पाहिजे. गावच्या बसथांब्याच्या शेडवर कुण्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, म्हणून आत उभं राहिलं तर ड्रायव्हरला माणूस दिसत नाही. शहर बस तर येते नि बंद पडते, येते नि बंद पडते. तो विषयच नको.

साडेअकराला घरी पोचून हे सगळं बायकोला ऐकवलं. तिने ताट वाढता वाढता विचारलं, "शर्टावर चटणी कशाची?"

आता काय सांगू. फलाटावर कचोरी गरम दिसली. दोन मिनिटं तिथे गेली, वर चटणी जास्त मागितली त्यात आणखी एक. सुट्टेही माझ्याकडेच नव्हते.

कचोरी आतून गारच निघाली.