म्हणे, ‘एचटीएमएल ६’ आलंय!

आत्याचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे आणि दुकानाची एक जुनीपुराणी वेबसाइट. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज तिच्याकडेही आला: ‘एचटीएमएल ६ लागू झालं. जुन्या टॅगच्या साइट बंद पडणार, मराठी दिसणार नाही, गूगल यादीतून काढणार. कुंभमेळ्याआधी निम्मी रक्कम भरून साइट नवीन करून घ्या.’ ती पैसे पाठवायलाच निघाली होती, म्हणून हे लिहितोय.

एचटीएमएल म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, आणि टॅग म्हणजे पानातला कुठला भाग काय आहे हे सांगणाऱ्या तिच्यातल्या खुणा. एचटीएमएल ६ नावाचं काही नाही. पाचवी आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०१४मध्ये पक्की केली. आता व्हॉटडब्ल्यूजी हा ब्राउझर बनवणाऱ्यांचा गट नियमांचा, म्हणजे स्टँडर्डचा, एकच मजकूर सतत सुधारत ठेवतो, त्याला नंबरच नसतो. मग ‘लागू’ काय झालं?

जुने टॅग. तो मजकूर कुणालाही फुकट वाचता येतो. त्यात फॉन्ट, सेंटर आणि अक्षरं पळवणारा मार्की हे टॅग कालबाह्य ठरवलेत, वापरू नका असं बजावलंय. मेसेजवाला बहुधा इथंच वाचायचा थांबला. पुढे ब्राउझरने मार्की कसा पळवायचा तेही दिलंय: वेग सांगितला नसेल तर दर ८५ मिलिसेकंदांना ६ पिक्सेल. बंद पाडायच्या टॅगची इतकी बारीक मापं कोण लिहून ठेवेल? मनाई पान लिहिणाऱ्याला आहे, दाखवणाऱ्याला नाही. आत्याच्या साइटवर लाल अक्षरात ‘सुस्वागतम्’ पळतं. डोळ्यांना खुपतं, पण पळतं.

मेसेजमध्ये ‘तज्ज्ञांतच एकमत नाही’ अशीही एक ओळ आहे. भांडण झालं होतं, कबूल. डब्ल्यूथ्रीसी जुन्या पानांशी न जुळणाऱ्या एक्सएचटीएमएल २ या नव्या भाषेच्या मागे लागली, तेव्हा २००४मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली, तीच व्हॉटडब्ल्यूजी. २००९मध्ये एक्सएचटीएमएल २ गुंडाळावं लागलं, २०१९मध्ये दोघांत समझोता झाला. म्हणजे टिकलं ते जुनी पानं जपणाऱ्यांचंच!

सगळ्यात संताप आणणारा मुद्दा मराठीचा. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत; हे स्टँडर्ड ते क्रमांक साठवायची यूटीएफ-८ ही रीत सक्तीची करतं, आणि युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. जुन्या काही मराठी साइटवर अगम्य अक्षरं दिसतात, कारण त्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. तेवढा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून तपासावा लागतो, बस्स. आत्याची पानं तर युनिकोडमध्येच आहेत. तरी मेसेजवाला तिला सांगतो, साइट ‘इंग्रजीत करून घ्या’ म्हणे! सिन्नरच्या गिऱ्हाइकाने तांब्याचा हंडा इंग्रजीत शोधायचा का?

मेसेजमध्ये फ्लॅश बंद पडल्याचाही दाखला आहे. पानांवर अ‍ॅनिमेशन चालवणारा फ्लॅश २०२०च्या अखेरीस गेला, खरंय. पण ते ब्राउझरला वेगळं जोडायचं अडोबीचं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन होतं, एचटीएमएलचा टॅग नव्हे. आणि टॅग जुना म्हणून गूगल कुणाची साइट काढत नाही. पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ दिसत असेल, तर मात्र साइट सांभाळणाऱ्या होस्टिंगवाल्याला साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं एसएसएल सर्टिफिकेट बसवायला सांगा. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं ते फुकट मिळतं.