पाचशे रुपयांत गॅसची भट्टी? ही कृती करू नका

‘घरचा सिलिंडर, शेगडीचाच रेग्युलेटर, पत्र्याची बादली, आतून प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचा लेप. पाचशे रुपयांत भट्टी तयार, कोयते-विळे घरीच करा, लोहाराकडे जायची गरज नाही.’ रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गटांवर हा मजकूर फिरतोय. गॅसची भट्टी घरी नक्की बांधता येते आणि ती सोयीचीही असते. पण या पद्धतीने बांधू नका.

बादलीपासूनच बघा. आपली पत्र्याची बादली जस्त चढवलेली असते. जस्त 419 अंशांना वितळतं, 907 अंशांना उकळतं आणि चांगली पेटलेली भट्टी आतून 1200 अंशांच्या आसपास जाते. तोंडाकडचा पत्रा लाल झाला की पांढरा धूर सुटतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. पावसाळ्यात असा ताप म्हणजे आपल्याकडे आधी मलेरिया नाहीतर लेप्टोच आठवतो. रक्ततपासणी टाळू नकाच, पण डॉक्टरांना भट्टीचंही सांगा. बादलीऐवजी जस्त नसलेला जाड लोखंडी पाइप घ्या.

प्लास्टर-वाळूचा लेप टिकत नाही. प्लास्टर घट्ट होतं ते त्यात बांधल्या गेलेल्या पाण्यामुळे, आणि ते पाणी दोनशे अंशांच्या आतच सुटायला लागतं. थोडे ताव दिले की भेगा, मग सांडशीचा धक्का लागला की खपल्या. ‘मग जांभ्याचे चिरे लावा,’ असंही कुणी सुचवतंय. जांभा पाणी पितो. आषाढात भिजलेला चिरा आगीत गेला की आत वाफ कोंडते आणि ढलपे उडू शकतात. 1260 अंशांच्या प्रतीच्या सिरॅमिक लोकरीचे, म्हणजे उष्णता झेलणाऱ्या तंतूंच्या गादीचे, 25 मिलिमीटरचे दोन थर द्या आणि त्यावर भट्टीसाठीचा उष्णतारोधक लेप चढवा. लोकर उघडी ठेवू नका, तिचे तंतू फुप्फुसात जातात. कापतानाही मास्क हवाच.

सगळ्यात घातक सल्ला रेग्युलेटरचा आहे. शेगडीचा रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस सोडतो. भट्टीच्या बर्नरला स्वतःच्या जोरावर हवा ओढून घ्यायची असते, त्यासाठी त्याच्या कित्येक पट दाब लागतो. मग ज्वाळा मरतुकडी दिसली की पोरं रेग्युलेटर उचकटतात किंवा नळी थेट जोडायला बघतात. त्या क्षणी दाबावर कुणाचाच ताबा राहत नाही. ‘ब्लोअर लावा’ म्हणणाऱ्यांनी आपल्याकडची वीज आठवावी. वीज गेली की हवा थांबते, गॅस चालूच राहतो आणि ज्वाळा बर्नरच्या नळीत मागे शिरू शकते. दाबमापक असलेला, कमी-जास्त करता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटर आणि त्या दाबाचीच नळी घ्या. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरणं नियमातही बसत नाही. व्यावसायिक 19 किलोचा घ्या. जास्त गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, दाब उतरतो. तरी ऊब मिळावी म्हणून त्याला भट्टीशेजारी सरकवू नका.

‘कोकणातली घरं हवेशीर, गॅस साचत नाही,’ हेही चूक. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो वर जात नाही, उतार धरून खालच्या कुणग्यात, विहिरीत, जोत्याखालच्या खोलीत जाऊन बसतो. आणि पावसात पडवीला झाप लावून आत भट्टी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड कोंडतो. त्याला वास नसतो, डोकं जड होतं तेव्हा उशीर झालेला असू शकतो. खळ्यात, वर नुसतं छप्पर आणि बाजू मोकळ्या, अशी जागा निवडा. विहिरीपासून लांब.

राहता राहिला लोहार. गॅसवर लोखंड तापतं, पण धारेला पाणी देणं, म्हणजे ती तापवून-बुडवून कडक करणं, गॅसला येत नाही. 770 अंशांच्या पुढे पोलादाला चुंबक चिकटत नाही. त्याच्या थोडं वर, सावलीत रंग बघून कोयत्याची धार बुडवून विझवायची असते. गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद असेल तर तेलात. पाण्यात बुडवलंत तर चीर पडू शकते. मग पुन्हा हलका ताव देऊन कडकपणा उतरवायचा, नाहीतर पहिल्याच नारळावर धारेचा तुकडा उडेल. भट्टी बांधलीत तरी पहिला कोयता गावच्या लोहारासमोर बसूनच करा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.