नावापुढे शून्य

आज काही लिहिणार नव्हते. पण संध्याकाळच्या कॉलवर जे ऐकलं ते डोक्यातून जात नाहीये. मोठ्या बँकेत नोकरी म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्यांना कधी कळतच नाही. तेव्हा एकदा सगळं लिहून टाकते. पोस्ट लांबणार आहे.

आमच्याकडे एक नवीन मुलगी आहे. पहिलीच नोकरी. आज दुपारी तिच्या काउंटरला एक वयस्कर गृहस्थ आले. एफडी मोडायची होती, मुदतीआधी, सगळीच्या सगळी, आणि पैसे लगेच एका खात्यात पाठवायचे होते. कशासाठी, तर म्हणाले घराचं काम काढलंय. फॉर्म बरोबर भरलेला, सही जुळत होती, केवायसीत खोट नव्हती. नियमाने बघितलं तर अडवायचं काही कारण नव्हतं. पण त्यांच्या शर्टाच्या खिशातला फोन चालू होता आणि बोलताना ते सारखे खिशाकडे बघत होते. पोरीने एक कोरी स्लिप घेतली, मागच्या बाजूला लिहिलं, 'फोनवर कुणी धमकावतंय का?' आणि चकार शब्द न काढता काचेखालून पुढे सरकवली. त्यांनी वाचलं. हळूच मान हलवली. मग हात असे थरथरायला लागले की मला माझ्या टेबलावरून दिसत होते.

पलीकडचा माणूस स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवत होता. फोन ठेवायचा नाही, बँकेत कुणाला सांगायचं नाही, नाहीतर अटक. या पोरीने फोन बंद करायला लावला, त्यांना आत आणून बसवलं, त्यांच्या मुलीला बोलावून घेतलं आणि ती येईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली. मागे रांग वाढली, लोकांनी आरडाओरडा केला, तोही तिनेच ऐकून घेतला. एका माणसाची आयुष्यभराची पुंजी वाचली.

संध्याकाळी रिव्ह्यू कॉल. वरच्या ऑफिसातून एकेकाचं नाव वाचतात आणि पुढे आकडा. किती पॉलिसी, किती कार्डं, किती नवीन खाती. तिच्या नावापुढे शून्य. 'दिवसभर केलंत काय?' ती सांगायला लागली. दोन वाक्यंही झाली नसतील, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, 'ते ठीक आहे हो, आकडा सांगा.' कॉलवर सगळ्या शाखा. सगळे ऐकतायत.

ते ठीक आहे हो.

मला त्या क्षणी काका आठवले. मी लागले तेव्हा आमच्या शाखेत हेड कॅशियर होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. एका संध्याकाळी कॅश टॅली होईना. कमी नव्हती, जास्त होती. कमी असली की कॅशियरला स्वतःच्या खिशातून भरावी लागते, त्यामुळे जास्त निघाली म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. नियमही सोपा आहे. जादा रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची, रजिस्टरला नोंद करायची आणि घरी जायचं. कुणी विचारत आलंच तर शहानिशा करून द्यायची. पण काका जागचे हलेनात. म्हणाले, 'कमी पडले असते तर मी भरले असते, विषय संपला असता. जास्त आहेत म्हणजे कुणाला तरी आपण कमी दिलेत. तो माणूस आत्ता घरी पैसे मोजत बसला असेल.'

दिवसभराची सगळी व्हाउचर पुन्हा काढली. पैसे देताना कॅशियर स्लिपच्या मागे लिहितो, कुठल्या नोटा किती दिल्या. एकेक स्लिप उलटी करून मागची बेरीज पुढच्या रकमेशी लावायची. बाहेर अंधार पडला. शेवटी एक स्लिप सापडली, मागची बेरीज पुढच्या आकड्यापेक्षा नेमकी तेवढ्यानेच कमी. एका बाईंनी काढलेले पैसे होते. काकांनी लगेच फोन लावला. त्यांनी अजून मोजलेसुद्धा नव्हते. बँकेवर विश्वास होता ना, मोजतील कशाला?

आता मला सांगा, आजच्या कॉलवर काकांच्या नावापुढे काय लिहिलं असतं?

तेच. शून्य.

टार्गेट कसं बनतं तेही सांगते, कारण ग्राहकांना वाटतं की आम्ही हौसेने पॉलिसी विकतो. सगळ्यात वरून एक आकडा निघतो. त्याच्या खालचा साहेब आपलं पूर्ण व्हावं म्हणून त्यात थोडी भर घालून तो पुढे ढकलतो. त्याच्या खालचा आणखी थोडी घालतो. शाखेपर्यंत येता येता त्या आकड्याचा आणि शाखेत येणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांचा काही संबंधच उरलेला नसतो. आणि हे कुणी ठरवलं विचारा, कुणीच नाही. 'वरून आलंय.' मोठ्या बँकेत हे दोन शब्द सगळ्यात जास्त वापरले जातात. छोट्या जागी साहेबाच्या केबिनचं दार वाजवता येतं. इथे दार कुठल्या इमारतीत आहे तेच माहीत नसतं.

मग ग्रुपवर रोज यादी येते. वरचे हिरव्या रंगात, खालचे लाल. लाल रंगातला माणूस दुसऱ्या दिवशी काउंटरला बसतो आणि समोर एफडीची मुदत संपलेल्या एखाद्या आजी येतात. त्या क्षणी त्याच्या मनात काय चालतं ते मला विचारा. आजींना व्याज दर महिन्याला हातात हवंय. त्याला मात्र त्यांना अशी पॉलिसी घ्यायला लावायचीय जिच्यात पैसे वर्षानुवर्षं अडकणार. आजी विचारतात, 'बाळा, एफडीसारखंच आहे ना हे?' जो 'हो आजी' म्हणतो तो हिरव्यात जातो. जो 'नाही आजी, यात पैसे अडकतील' म्हणतो त्याला संध्याकाळी कॉलवर उभं करतात.

आणि याचा हिशोब कधी होतो माहितीये? दोन-तीन वर्षांनी. तोपर्यंत विकणाऱ्याची बदली झालेली असते, विकायला लावणाऱ्याला प्रमोशन मिळालेलं असतं, आणि आजी कागद घेऊन येतात तेव्हा समोर तिसरंच कुणीतरी बसलेलं असतं. शिव्या ते खातं. मी खाल्ल्यात. मी न विकलेल्या पॉलिसींसाठी, न मंजूर केलेल्या कर्जांसाठी, मी न लावलेल्या चार्जेससाठी. समोर दिसणारी बँक मीच असते ना.

हे जगभर असंच चाललंय. अमेरिकेतल्या वेल्स फार्गोचं आठवत असेल. एका ग्राहक-कुटुंबामागे आठ प्रॉडक्ट, असं तिथलं लक्ष्य होतं. शेवटी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडली. लाखोंनी. सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला तेव्हा बाहेर आलं की बँकेने तोवर सुमारे ५,३०० माणसं काढून टाकली होती. बहुतेक सगळी खालची. सर्वोच्च पदावरचे जॉन स्टम्पफ यांनी पुढच्याच महिन्यात पद सोडलं, पण नियामकाने त्यांच्यावर कायमची बँकिंगबंदी घातली ती २०२० मध्ये. ब्रिटनमध्येही तेच. कर्जासोबत विमा गळ्यात मारायचा उद्योग इतकी वर्षं चालला की बँकांना ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत करावी लागली. म्हणजे एवढे पैसे घेताना एवढ्या काउंटरांवर एवढ्या लोकांना 'हो आजी' म्हणावं लागलं होतं.

बँकेने कमवायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. पगार त्यातूनच होतो आणि तो वेळेवर होतो, हे मान्य.

आणि हो, आमच्यातले काहीजण काउंटरवर तुसडेपणाने वागतात. तेही मान्य. पुढे.

लिहिता लिहिता राग थोडा निवला, तर हेही सांगावंसं वाटतं की हे काम मला अजूनही आवडतं. मनापासून. पहिल्या पगाराचं खातं उघडायला आलेल्या पोराचा चेहरा बघावा. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच बँकेची पायरी चढलेल्या बाई स्वतःच्या हाताने सही करून पैसे काढतात, ते बघावं. खात्याला नॉमिनीचं नाव लावायचं राहिलं म्हणून घरच्यांना किती फेऱ्या पडतात ते मला माहितीये, म्हणून मी समोर येणाऱ्या प्रत्येकाला आधी नॉमिनेशन विचारते. पाच मिनिटं जातात त्यात. त्याचा रकाना नाही. बनावट नोट पकडली, रकाना नाही. सहीत काहीतरी खटकलं म्हणून चेक थांबवला आणि खातेदाराला फोन केला, रकाना नाही. कुणाचं नुकसान झालंच नाही म्हटल्यावर मोजणार काय?

आमच्यासारख्यांचं हे 'खटकणं' केवढं मोलाचं असतं ते बघायचं असेल तर फेब्रुवारी २०१६ मधलं बांगलादेश बँकेचं, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचं, प्रकरण वाचा. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत त्यांचं खातं होतं. त्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याच्या बनावट सूचना चोरांनी पाठवल्या. ८.१ कोटी डॉलर मनिलाला पोचलेही. पण श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी वाचले. पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नावात 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेने ते पाहून विचारणा केली, म्हणून. यंत्रणा सगळ्या होत्याच. तरी ते २ कोटी वाचवले एका खटकलेल्या स्पेलिंगने.

लोक म्हणतात, एका कामाला दोन-दोन सह्या कशाला, इतका वेळ का लागतो. १९९५ मध्ये ब्रिटनची बेरिंग्ज बँक बुडाली, १७६२ पासूनची बँक. तिच्या सिंगापूरच्या ऑफिसातल्या निक लीसन नावाच्या एका माणसाच्या हातात सौदे करणं आणि त्या सौद्यांचा हिशोब ठेवणं, दोन्ही होतं. ८२.७ कोटी पौंडांचं नुकसान, आणि शेवटी बँक एका पौंडाला विकली गेली. म्हणून एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची. आता गंमत नाही, संताप येतो तो इथे. तीच बँक आम्हाला प्रशिक्षणात सांगते, प्रत्येक व्यवहार डोळ्यात तेल घालून तपासा. आणि कॉलवर विचारते, एका ग्राहकामागे तुम्हाला इतका वेळ का लागतो? डोळ्यात तेल घालायला वेळ लागतो! आज त्या मुलीला लागला तेवढा लागतो! काकांना रात्र झाली होती!

कॉलनंतर ती रेकॉर्ड रूममध्ये जाऊन रडत होती. मी मागे गेले. मला म्हणाली, 'मॅडम, उद्यापासून मी आधी पॉलिसीचं बोलत जाईन, बाकीचं मग.' बघा, किती लवकर शिकली. सहा शब्दांत शिकवलं तिला त्यांनी, 'ते ठीक आहे हो, आकडा सांगा.' काकांनी मला जे शिकवलं त्याला एक अख्खी संध्याकाळ लागली होती आणि एकेक स्लिप उलटावी लागली होती.

मी तिला काकांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, 'त्यांना काही मिळालं का?' काही नाही मिळालं. हेड कॅशियर म्हणूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात वरच्या ऑफिसातून कुणी फिरकलं नाही. खरं तेच सांगितलं तिला, खोटा धीर दिला नाही. पण उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये कालच्या आकड्यांच्या आधी तिने केलेलं काम वाचलं जाईल, ते मी वाचणार आहे, आणि लेखी रिपोर्टमध्ये तिच्या नावाने वर पाठवणार आहे. रकाना नसेल तर पान जोडीन.

इथल्या माझ्या मित्रयादीत दोन-तीनजण असे आहेत जे आता असे कॉल घेतात. तुम्हीही एकेकाळी काउंटरवर बसलायत, मला माहितीये. तुम्हाला उद्देशूनच लिहितेय. तुमच्या वरून दबाव येतो, कळतं मला. पण 'ते ठीक आहे हो' म्हणायचा आदेश कुठल्या सर्क्युलरमध्ये आला होता? तो तर तुम्ही स्वतःच्या पदरचा घातलात.

आणि बाकीच्यांनो, जे काउंटरच्या बाहेर उभे असता. बँकेत कुणी काही विकायला लागलं तर पैसे कधी परत मिळतील आणि मधे मोडलं तर किती कापले जातील, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. तोंडी 'हो आजी' चालवून घेऊ नका. आईवडिलांनाही हे आजच सांगा, ते लाजतात विचारायला. फसवणूक झाली तर तक्रार जरूर करा, अगदी वरपर्यंत करा. फक्त त्यात काउंटरवरच्या पोराचं एकट्याचं नाव घालून थांबू नका. त्या महिन्यात त्या शाखेला किती पॉलिसींचं टार्गेट दिलं होतं आणि ते कुणाच्या सहीने आलं होतं, हेही त्याच तक्रारीत विचारा.