चिमण्या जपा, पण दळवी बिल्डिंगचं काय?

गिरण्यांच्या चिमण्या वारसा म्हणून जपा, असं कुणी म्हटलं की मी मान डोलावतो. पण परळच्या दळवी बिल्डिंगचं नाव कुणी काढत नाही, याचा मला राग येतो. चिमणी मालकाची होती हो. कामगाराचं जे होतं, ते दळवी बिल्डिंगमधलं युनियनचं ऑफिस.

गिरणी कामगार युनियन, म्हणजे कम्युनिस्टांचा लाल बावटा. १९२८ चा सहा महिन्यांचा संप चालू असतानाच जन्मली आणि वर्षअखेर सभासद ५४,००० च्या घरात गेले. पुढच्या मार्चमध्ये युनियनचे पुढारी डांगे, मिरजकर, जोगळेकर मीरत कटाच्या खटल्यात आत. हा इतिहास पुस्तकांत सापडतो.

माझे आजोबा गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. बाबा सांगतात, भाषण ऐकायला आजोबा कामगार मैदानात जायचे आणि तक्रार लिहून द्यायला दळवी बिल्डिंगमध्ये. बदली कामगार म्हणून काम मिळालं नाही, रजेचा पगार कापला, मुकादमाने अंगावर हात टाकला, सगळं कागदावर. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा.

डिसेंबर १९६७ मध्ये शिवसैनिकांनी या ऑफिसवर हल्ला केला. सामान बाहेर फेकलं, फाइली जाळायला निघाले. खुर्च्या पुन्हा घेता येतात. अंगठे कुठून आणणार?

आणि परळमध्येच दुसरी इमारत, मजदूर मंझिल, राष्ट्रीय मिल मजदूर संघाची. १९४६ च्या कायद्याने बोलणी करायचा हक्क एकाच ‘प्रातिनिधिक’ युनियनला, आणि तो शिक्का या संघाकडे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तरी कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने सही करणारे मंझिलमध्येच बसलेले. हा कायदा रद्द करा, ही संपातली मोठी मागणी होती. माझ्या मते पगारवाढीपेक्षाही मोठी.

पुढे गिरणी कामगारांना म्हाडाची घरं द्यायची वेळ आली. १ जानेवारी १९८२ ला कामावर होता याचा पुरावा आणा म्हणाले. बाबांनी आजोबांची ट्रंक उपसली. आधी हाताला लागली लाल बावट्याच्या वर्गणीची पावती, घडीवर फाटलेली, आजोबांचा कामगार म्हणून असलेला तिकीट नंबर निळ्या पेन्सिलीने लिहिलेला. मग आणखी तीन.

गिरणीचा कागद एकही नव्हता.