‘बसेल’ म्हणे!

ट्रकच्या मागच्या हौद्यात बसणारं छोटं घर म्हणजे माझा कॅम्पर. काल संध्याकाळी त्याला उचलून धरणाऱ्या चार पायांपैकी, म्हणजे जॅकपैकी, पुढच्या डाव्या जॅकने माझ्या ट्रकच्या मागच्या फेंडरवर, चाकावरच्या पत्र्यावर, हातभर लांब ओरखडा काढला, तेव्हापासून डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही. नुसता रंग गेला असता तर गिळून टाकलं असतं. पण बोट फिरवलं की खाच लागते. कॅम्पर चार जॅकवर उभा, मी इंच इंच करत ट्रक त्याच्या पोटाखाली मागे घेतेय, नवरा बाजूला उभा राहून हात दाखवतोय, आणि कर्रर्र! अख्खा कॅम्पर हलला. डाव्या जॅकचा पाय तिरका झाला, त्याला कॅम्परशी धरून ठेवणारा ब्रॅकेट वाकला. तीन हजार पौंडांचं धूड चार काठ्यांवर डुलताना ज्यांनी पाहिलंय त्यांना पोटात कसा गोळा येतो ते मी सांगायला नको. नवरा त्या डुलणाऱ्या धुडापासून चार फुटांवर होता. चार फूट!

आणि हे का झालं? माझा ट्रक ड्युअली आहे म्हणून. मागे दोन्हीकडे जोडचाकं, त्यामुळे फेंडर बाहेर आलेले, मागची रुंदी ९६ इंचांच्या आसपास. एकेरी चाकांचा पिकअप ८० इंचांच्या आसपास असतो. ड्युअली आत घ्यायची तर पुढचे दोन जॅक बाहेर वळणाऱ्या ब्रॅकेटवर बसवावे लागतात. जॅक विकणाऱ्या माणसाला हे झोपेतही माहीत असलं पाहिजे. मला साधे ब्रॅकेट विकले.

मी विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. दुकानात उभी राहून, स्पष्ट शब्दांत विचारलं होतं, “दोन्ही जॅकच्या मध्ये आतून मोकळी जागा किती इंच राहते?” त्या माणसाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, “बसेल.” नवरा म्हणाला, ट्रक हिचा आहे, हिला सांगा. तरी पुन्हा नवऱ्याकडे बघून, “बसेल हो, सगळ्यांना बसतात.” मोजायची टेप त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लटकत होती. काढली नाही. बारा पावलांवर ट्रक उभा होता, त्याच्या पाठीमागच्या काचेतून अख्खा दिसत होता. वळून बघितलं नाही.

आज सकाळी फोन केला तर काय म्हणाला असेल? “ड्युअली आहे हे आधी सांगायला हवं होतं.” अरे, तूच तर खोके उचलून माझ्या ट्रकपर्यंत आणलेस! टेलगेट उघडेपर्यंत तूच ते खोकं ज्याच्यावर टेकवलंस तो हाच फेंडर! ज्या फेंडरवर खोकं टेकवलं, तो तुला दिसला नाही? परत घ्या म्हटलं तर म्हणे, एकदा बसवलेला माल परत घेत नाही. बसवल्याशिवाय बसत नाही हे कळणार कसं होतं मला?

आता ती भोकं. एकेका ब्रॅकेटचे बोल्ट कॅम्परच्या कोपऱ्यातल्या लाकडात गेलेत. ते काढायचे, जुनी भोकं बुजवायची, नवी पाडायची, प्रत्येकाला पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप लावायची. एक जरी नीट बुजलं नाही तर पाणी आत जाणार, आणि लाकूड आतून कुजलेलं कळतं ते जॅक हातात आल्यावर. तीन दिवसांचं काम, एका ‘बसेल’पायी.

हा ‘बसेल’ शब्दच मला आता नको झालाय. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘युनिव्हर्सल’. कसलं युनिव्हर्सल? मागच्या वर्षी कॅम्पर ट्रकला बांधून ठेवायचे, हौद्याच्या काठाला पकडणारे टाय-डाऊन असेच ‘सगळ्यांना बसतात’ म्हणून गळ्यात मारले. पहिल्याच घाटातून उतरलो तर हौद्याचा काठ आत वाकलेला. पत्रा तो, त्याने कॅम्परचं वजन धरावं अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी स्वतः त्या पत्र्यावर उभं राहून दाखवावं. त्यात फोर्डने एफ-१५० पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून आणि सुपर ड्युटीची २०१७ पासून ॲल्युमिनियमची केली, हे विकणाऱ्याला माहीत नसतं असं मी मानायलाच तयार नाही. तरी तेच क्लॅम्प, तोच ‘बसेल’. चासीला, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याला, पकडणारे टाय-डाऊन घ्यावेत हे कुणीतरी त्या वेळी तोंड उघडून सांगितलं असतं तर माझा काठ सरळ राहिला असता.

आणि ते साखळीवाले काका! प्रत्येक कॅम्पिंगच्या जागेवर एक असतोच. “मी वीस वर्षं कॅम्पर साखळीनेच बांधतोय, काही झालं नाही.” काका, तुमचं काही झालं नाही, तुमच्या मागे गाडी चालवणाऱ्याला विचारलंत का? ट्रकची चासी पिळते, कॅम्पर पिळत नाही, खड्ड्यात गेलं की तो हिसका कुठेतरी जिरायला हवा. म्हणून तर फिरवून ताण कमीजास्त करायचे स्प्रिंगवाले टर्नबकल असतात. साखळी जरा जास्त ताणली की हिसक्याला कॅम्परचा हूकच उपटून येतो. आणि ढिली ठेवली तर कॅम्पर हौद्यात सरकतो. खटक्याने आवळायच्या रॅचेट पट्ट्यांची तऱ्हा वेगळी: पट्टा ताणाखाली लांबतो, नायलॉनचा असेल तर पावसात भिजला की आणखी ढिला, आणि तुम्ही मात्र आरशात बघून समजता की बांधलंय. मी निघाल्यावर पहिल्या ५० मैलांत थांबून चारही टर्नबकल हाताने तपासते. लोक हसतात. हसू देत.

वजनाचं तर बोलायलाच नको, पण बोलणारच. विकताना जो आकडा सांगतात तो कोरडा. पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, माणसं तर नाहीतच. ३० गॅलन पाणी भरलं की २५० पौंड वाढले, हे तिसरीतल्या पोरालाही कळेल. अमेरिकेच्या फेडरल नियमांत कलम आहे, ४९ सीएफआर ५७५.१०३. स्लाइड-इन, म्हणजे हौद्यात सरकवायच्या, कॅम्परवर वजनाची पट्टी लावायची, त्यात पाणी, गॅस, फ्रिज धरायचा, आणि गुरुत्वमध्य कुठे येतो ते द्यायचं. म्हणजे खरा आकडा कॅम्परवरच चिकटवलेला असतो! तो वाचून दाखवायला काय जातं? नाही, कोराकरकरीत कोरडा आकडा सांगायचा, आणि ट्रकच्या दारातल्या वजनाच्या पिवळ्या स्टिकरकडे गिऱ्हाईक वळलं की विषय बदलायचा. मी काट्यावर नेऊन तोलला तेव्हा सांगितलेल्या आकड्यापेक्षा सातशे पौंड जास्त भरला. सातशे!

जॅकच्या क्षमतेतही हीच लबाडी. एका जॅकवर २,००० पौंड लिहिलेले, म्हणून चार जॅक म्हणजे ८,००० असा हिशेब तोंडावर फेकतात. चार पाय कधी सारखं वजन घेतात का? एका कोपऱ्याखालची माती जरा दबली की समोरासमोरच्या तिरक्या दोन पायांवर सगळं ओझं. मग कुठले आठ हजार? हे मी काल डोळ्यांनी पाहिलं. डावा पाय तिरका झाला आणि त्याच्या शेजारच्या दोन्ही पायांच्या खालच्या फळ्या कुरकुरायला लागल्या.

इलेक्ट्रिक जॅक घ्या, हाताने फिरवायचे घ्या, हायड्रॉलिक घ्या, यावर रात्र रात्र वाद घालणारे पुष्कळ आहेत. घाला. मला हातचे आवडतात, मोटर बंद पडली म्हणून ओल्या चिखलात अडकून पडायची माझी तयारी नाही. पण निदान वाद घालण्याआधी कुणीतरी एकदा तरी विचारा की बाई, तुझा ट्रक कुठला, मागे चाकं किती, फेंडरपासून फेंडरपर्यंत माप काय? तीन प्रश्न. अर्धा मिनिट लागत नाही.

कॅम्पर आत्ता अंगणात उभाय. वाकलेल्या पायाखाली मी लाकडी ठोकळे रचून त्याला जमेल तितका खाली घेतलाय, पोरांना त्या बाजूला जायची बंदी. रात्री वारा सुटला तेव्हा दोनदा उठून बॅटरी घेऊन बघून आले.

उद्या दुकान उघडायच्या आधी मी दारात असणार. वाकलेला ब्रॅकेट पिशवीत, ट्रक त्याच काचेसमोर, ओरखडा त्याच्या बाजूने येईल असा लावलेला. टेप मी माझी घेऊन जातेय. एक टोक त्याच्या हातात देणार आणि माझ्यासमोर, माझ्याकडे बघून, आकडा मोठ्याने वाचायला लावणार.